दोघांची नाडी

परवा सकाळी भाचीचा फोन आला. पाऊस लांबल्याचे झाले, भाज्यांचे भाव झाले, तिच्या ऑफिसातल्या कटकटी झाल्या, आणि मग ती जराशी थांबली. ती अशी थांबली की पुढे काहीतरी अवघड यायचे असते, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे.

"मावशी, तू सिंगापूरला असताना चिनी औषध घेत होतीस ना? मुलासाठी?"

"घेत होते."

"गुण येतो का गं त्याचा? इथे एक जण सुया टोचतात. टेस्टट्यूबच्या आधी टोचून घेतल्या तर फायदा होतो म्हणतात."

प्रश्न सरळ होता. मला मूल झाले नाही, म्हणजे उत्तर घरातच होते. पण 'नाही' म्हणताना माझी जीभ अडखळली, आणि 'हो' म्हणणे तर खोटेच झाले असते. "तुला लिहून कळवते," असे सांगून मी फोन ठेवला. लिहायला बसले आणि पाहता पाहता पाने वाढली. मग वाटले, हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा थोडाच आहे?

माझे लग्न १९९३ साली झाले. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पहिली दोन वर्षे कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या वर्षापासून मी पेशंट झाले. आजार कोणता ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण आजारी मी आहे, याबद्दल मात्र कुणालाही शंका नव्हती. पुण्यातल्या डॉक्टरांनी माझे रक्त तपासले, सोनोग्राफी केली, नळ्यांचे फोटो काढले. सगळे ठीक निघाले. ठीक निघाल्यामुळे सुटका व्हायची, ती झाली नाही. उलट शोध आणखी जोरात सुरू झाला. सासूबाई मुळात मायाळू. त्यांनी मला टोचून बोलल्याचे एकदाही आठवत नाही. त्यांनी फक्त उपाय केले. शतावरी कल्प झाला, फलघृत झाले. सोळा सोमवार झाले, आणि सोळा संपल्यावर "आता मोडू नकोस" म्हणून दर सोमवार माझ्या वाट्याला आला. शेजारच्या मुलींची डोहाळजेवणे होत. मला बोलावणे नसे. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलावले नाही, असे मी मनाला सांगे, आणि सोमवारी साबुदाणा भिजत घाली.

एका डॉक्टरीणबाईंनी एकदा म्हटले होते, "यजमानांचीही तपासणी करून घ्या." मी घरी येऊन ते सांगितले. हे वर्तमानपत्र वाचत होते. यांनी पान उलटले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात तसलं काही नाही." विषय तिथेच संपला. मीही तो पुन्हा काढला नाही. खरे सांगायचे तर मलाही ते नको होते. दोष माझ्यात आहे असे धरून चालण्याची मला सवय झाली होती, आणि सवयीचे दुःख पत्करणे सोपे असते.

१९९९ साली यांना सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तोआ पायोह नावाच्या वस्तीत सरकारी बोर्डाच्या इमारतीत राहायला गेलो. तिथे घराबाहेर लांबच लांब सज्जा असतो आणि चपला-बूट दाराबाहेर काढून ठेवायची रीत आहे. शेजारच्या घरात साठीची एक चिनी बाई राहत असे. तिकडे वडीलधाऱ्या बाईला सगळेच 'आंटी' म्हणतात, मीही म्हणू लागले. तिला तोडकेमोडके इंग्रजी येई. मला तेवढे पुरे होते. दोन वर्षे ती माझ्याशी फक्त मासळी आणि पाऊस यांविषयी बोलली. मग २००२ सालच्या एका दुपारी ती माझ्या दाराशी उभी राहिली, खाली बोट दाखवले आणि म्हणाली, "तुझ्या दारात लहान चपला नाहीत."

इतक्या वर्षांत मला हे इतक्या सरळपणे कुणी म्हटले नव्हते. मी रडले. तिने मला रडू दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉटर्लू स्ट्रीटवर घेऊन गेली.

त्या रस्त्यावर १८८४ सालचे क्वान-यिमचे देऊळ आहे, आणि त्याला लागूनच १८७० सालचे कृष्णाचे. चिनी माणसे आपल्या देवीपुढे उदबत्त्या लावतात आणि जाता जाता कृष्णालाही हात जोडतात. देवीपुढे गुडघे टेकून लोक बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खुळखुळवत होते. जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्यावरून देवीचा कौल घ्यायचा. आंटी कुजबुजली, "ही मुलं देते." पुढे कधीतरी मला कळले, की ही देवी म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तोच. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला, आणि काही शतकांत लोकांनी त्याची देवी केली. शाळेच्या सहलीत मी त्याच्यापुढे उभी राहिले होते तेव्हा बाईंनी चित्रकलेविषयी पुष्कळ सांगितले. पुढे आपल्याला त्याच्याकडेच मागणे मागायला जायचे आहे, हे कुणाच्या मनात येणार?

देवळातून आंटीने मला सिनसेकडे नेले. सिनसे म्हणजे तिकडचा चिनी वैद्य. त्यांचे दुकान आमच्याच वस्तीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर होते. आत शिरताच सुंठ, ओवा, ओली माती आणि जुनी पुस्तके यांचा मिळून एक वास आला. भिंतभर लाकडी खणांचे कपाट होते. अशा कपाटाला चिनी भाषेत 'शंभर मुलांचे कपाट' म्हणतात. आंटीने हे सांगितले तेव्हा मला ती माझी थट्टा वाटली. पण चिनीत मूल आणि बी या दोहोंसाठी एकच शब्द आहे. गर्भाशयाचे नावही 'मुलाचा वाडा' असे आहे. शंभर खण, शंभर बिया. माझा वाडा तेवढा रिकामा होता.

सिनसे सत्तरीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घातलेले. त्यांच्यामागे सरकारी नोंदणीचा कागद चौकटीत लावलेला होता; सिंगापुरात २००० साली कायदा झाला आणि त्यानुसार चिनी वैद्यांची नोंदणी सुरू झाली होती. त्यांनी टेबलावरच्या लहानशा उशीवर माझे मनगट ठेवायला सांगितले आणि तीन बोटे टेकवली. आपले वैद्यही तीन बोटांनीच नाडी पाहतात, पण आपल्याकडे बाईचा डावा हात आणि पुरुषाचा उजवा. त्यांनी माझे दोन्ही हात पाहिले, आणि घाई अजिबात केली नाही. जीभ पाहिली. मग विचारायला सुरुवात केली. पाय गार पडतात का? झोपेत दचकतेस का? पाळीच्या वेळी पोट शेकले की बरे वाटते का? बर्फाचे पाणी पितेस का? गेल्या वर्षी कशासाठी रडलीस? इतकी वर्षे माझ्या पोटाची छायाचित्रे काढली गेली होती, पण माझे पाय गार पडतात हे कुणी विचारले नव्हते. आंटी दुभाषीपण करत होती आणि मी गुंतून उत्तरे देत होते.

"वय?"

"पस्तीस."

ते हसले. "पाच साते." मग त्यांनी समजावून सांगितले. चिनी वैद्यकाचा जो सर्वांत जुना ग्रंथ, पीत सम्राटाचा म्हणतात तो, त्यात बाईचे आयुष्य सातासातांनी मोजले आहे आणि पुरुषाचे आठाआठांनी. दोन साते झाली की ऋतू सुरू होतो, पाच साते झाली की उतार लागतो, सात साते झाली की ऋतू थांबतो. पुरुषाचा उतार आठाआठांनी येतो. म्हणजे काळ दोघांच्याही मागे लागलेला आहे. पावले तेवढी निराळी.

मी म्हटले, "मग औषध द्या."

सिनसेंनी लेखणी उचलली नाही. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "नवरा कुठे आहे?"

"कामावर."

"तो येईल तेव्हा औषध देईन."

त्या रात्री मी यांना सांगितले. हे रागावले नाहीत, पण "मला काय झालंय?" एवढे म्हणालेच. मी म्हटले, "म्हातारा माणूस आहे. बोलावलं आहे. शनिवारी जाऊन येऊ." वडील माणसाचा शब्द मोडायचा नाही हे यांच्या अंगात मुरलेले आहे, तेच त्या दिवशी उपयोगी पडले. जे मला नऊ वर्षांत बोलता आले नाही ते सत्तरीच्या एका अनोळखी चिनी माणसाने एका वाक्यात करून टाकले.

यांचे मनगट त्या छोट्या उशीवर टेकलेले मला अजून दिसते. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या माणसाचा रापलेला हात; आणि बोटे मात्र परीक्षेला बसल्यासारखी ताठ. सिनसेंनी यांनाही तेवढाच वेळ दिला. झोप कशी? कंबर दुखते का? इंजिनाच्या उष्णतेत किती तास? विड्या-सिगारेटी? शेवटी त्यांनी एका कागदावर सरकारी इस्पितळातल्या विभागाचे नाव लिहून दिले. "आधी तिथे जाऊन तपासून या. बोटांना नाडी कळते, बी मोजता येत नाही."

अहवाल आला. मी आकडा इथे देत नाही. जिथे कोटींत मोजायचे तिथे तो लाखांतही धड नव्हता. इस्पितळातून आम्ही बसने घरी आलो. हे खिडकीशी बसले होते. तोआ पायोह येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला आधी वाटले होते, कधीतरी असे निघाले तर आपल्याला हायसे वाटेल. तसे काही झाले नाही. यांच्या पाठीकडे पाहून पोटात कालवत होते. नऊ वर्षे मी जे वाहिले ते आता या माणसाच्या पाठीवर चढले, एवढेच झाले होते.

सिनसेंना कागद दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू हवा-पाण्याची बातमी ऐकली. हे ओशाळून बसले होते. त्यांनी यांच्याकडे पाहून सांगितले, "जुन्या ग्रंथात लिहिलं आहे, मूल नसेल तर दोघांकडेही पाहावं. यात लाजण्यासारखं काय आहे?"

ते उगीच धीर देण्यासाठी बोलत नव्हते. मी पुढे शोधून पाहिले. सातव्या शतकात सुन-स्झ-म्याओ नावाचा थोर वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथात प्रस्तावनेनंतर पहिला मान स्त्रियांच्या विकारांना आहे, आणि त्यातही पहिले प्रकरण अपत्यप्राप्तीचे. तिथे तो म्हणतो, की अपत्य नसण्याचे कारण नवराबायको दोघांच्याही अशक्तपणात आणि विकारांत असते. आणि तो नवऱ्याला एक औषध देतो, बायकोला दुसरे. मला वाटले, आपण मागे पडलो. पण आपणही मागे नव्हतो. सुश्रुताने गर्भाला लागणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबु आणि बीज. ग्रंथात चार आहेत. घरात येईपर्यंत त्यांतले एक क्षेत्रच उरते आणि सगळा बोल त्यालाच लागतो. चीनमध्येही ग्रंथ एक सांगे आणि घर दुसरे करी. वंश न चालवणे हे सर्वांत मोठे अपराधीपण, असे मेन्सियसने म्हणून ठेवले होते, आणि मूल नसणे हे बायकोला टाकण्याच्या सात कारणांपैकी एक होते. वैद्य दोघांची नाडी पाहू म्हणे, आणि सासर एकटीलाच घराबाहेर काढी. शहाणपणाला देशाची सीमा नाही, तशी ती मूर्खपणालाही नाही.

त्याच आठवड्यात यांनी सासूबाईंना पत्र लिहिले. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून पत्रच लिहायची आमची रीत होती. यांनी ते मला वाचायला दिले. नोकरीची हकिगत होती, पावसाची होती, आणि मध्येच दोन ओळी होत्या : तपासणी झाली. कारण माझ्यात आहे, तिच्यात नाही. पत्र घडी घालून मी परत दिले. "पाठवू ना?" यांनी विचारले. मी म्हटले, "तुमची मर्जी." हे स्वतः पोस्टात टाकून आले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. न्हाणीघर गळते आहे, वरच्या मजल्यावरच्यांनी दाद दिली नाही, आंब्याचे लोणचे कुणाबरोबर पाठवू, असे सगळे. यांच्या त्या दोन ओळींविषयी अक्षर नाही. शेवटी, सही करायच्या आधी, एकच वाक्य होते. 'सूनबाईला सांग, सोमवार सोड.'

मग औषध सुरू झाले. रोज सकाळी उठण्यापूर्वी तोंडात थर्मामीटर धरायचा आणि आकडा चौकटीच्या कागदावर मांडायचा. बीज सुटल्यानंतर अंगाची ऊब अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढते, त्यावरून सिनसे औषध बदलीत. मधल्या दिवसांपर्यंत रक्त वाढवणारे, त्यानंतर ऊब धरून ठेवणारे. सोनाराच्या काट्यासारख्या हातातल्या लहान ताजव्याने ते एकेक वस्तू तोलत आणि कागदावर ढीग मांडीत. मुख्य चार वस्तू : दांग-ग्वेई, डांबरासारखी काळी शू-दी, बाय-शाओ आणि छ्वान-श्योंग. सगळ्या मुळ्याच. 'चार वस्तूंचा काढा' असेच त्याचे नाव, आणि सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथापासून तो बायकांना दिला जातो आहे. मातीच्या भांड्यात तीन वाट्या पाणी घालून एक वाटी उरेपर्यंत आटवायचे. धातूचे भांडे चालत नाही. घरभर तो वास भरे आणि सज्ज्यातून जाणारी माणसे ओळखून घेत. चव सांगत नाही. वर तोंडात टाकायला हॉथॉर्न फळाच्या पैशाएवढ्या आंबटगोड चकत्या मिळत. त्यांच्यावर लोभ ठेवून मी वाटी संपवी.

सिनसेंच्या मते माझा वाडा थंड होता. थंड जमिनीत बी रुजत नाही. मी मनाशी त्याचे मराठी केले : भांडे गार असेल तर दही लागत नाही. बर्फ बंद झाला, रात्री पाय गरम पाण्यात बुडवायचे. बेंबीखाली चार बोटांवर आणि घोट्याच्या वर चार बोटांवर ते शेक देत. शेकासाठी वाळवून कुटलेल्या पाल्याची जाड विडी असते. तिचा धूर पहिल्यांदा नाकात गेला आणि मी एकदम चैत्रात जाऊन पोचले. जोतिबाला दवणा वाहतात, तो वास! ती वनस्पती आणि आपला दवणा एकाच आर्टेमिसिया कुळातले, हे नंतर कळले. परक्या देशात, पोटावर शेक घेत पडले असताना, डोळे मिटले की मी वाडीच्या डोंगरावर असे.

यांना गोळ्या होत्या. त्यांचे नाव 'पाच बियांची वंश वाढवणारी गोळी'. गोजी, अमरवेलीच्या बिया, रासबेरी, इसबगोलाच्या जातीतले बी आणि पाच चवींचे एक फळ. सिगारेट सुटली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, आकडा जरा वर गेला होता. आम्ही त्या दिवशी बाहेर जेवलो. आणखी तीन महिन्यांनी तो पुन्हा खाली आला. असा चढउतार औषधाशिवायही होतो, असे इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. सिनसेही म्हणाले, "खरं आहे."

२००३ च्या वसंतात सार्सची साथ आली. त्या लहानशा बेटावर तेहतीस माणसे गेली. शाळेतल्या मुलांना थर्मामीटर वाटले, आणि सारे शहर रोज सकाळी ताप मोजू लागले. मी माझा आकडा कागदावर मांडी आणि समोरच्या घरातली मुलगी तिचा वहीत. माझ्या त्या एकटीच्या चोरट्या कामाला इतकी सोबत पूर्वी कधी मिळाली नव्हती. भोवती माणसे जगण्यासाठी धडपडत होती. मी जन्माची वाट पाहत होते, आणि मला थोडी लाज वाटत होती.

साथ सरल्यावर आम्ही इस्पितळात टेस्टट्यूबसाठी नाव घातले. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ साली अशी मुलगी जन्मली होती, ती बातमी सासूबाईंनी कापून ठेवलेली मला माहीत होती. एकच बीज निवडून सुईने आत सोडण्याची युक्तीही तोवर दहा वर्षांची जुनी झाली होती. आमच्यासारख्यांना तीच वाट होती. मी सिनसेंना सांगितले तेव्हा वाटले होते, ते दुखावतील. त्यांनी माझे काढ्याचे पुडे परत घेतले. "त्यांची औषधं चालू असताना माझी नकोत. दोन आचारी एका चुलीवर नकोत." सुया तेवढ्या टोचीन म्हणाले, त्याही डॉक्टरांना विचारून.

तेव्हा सुयांचा बोलबाला सुरू झाला होता. २००२ साली जर्मनीतल्या एका प्रयोगाची बातमी जगभर गेली होती. १६० बायका, अर्ध्यांना गर्भ ठेवण्याच्या आधी आणि नंतर सुया टोचल्या, अर्ध्या नुसत्या पडून राहिल्या. सुया टोचलेल्यांत शंभरी बेचाळीस जणींना दिवस राहिले, दुसऱ्या गटात सव्वीस जणींना. मीही टोचून घेतल्या. त्या केसासारख्या बारीक असतात आणि दुखत नाहीत. जागा जड होते, जरा मुंग्या येतात, आणि मग आश्चर्य म्हणजे झोप लागते. २००३ साली एकदा आणि २००४ साली एकदा, असे दोनदा झाले. दोन्ही वेळा चौदाव्या दिवशी फोन आला आणि पलीकडच्या नर्सने नको तेच सांगितले.

दुसऱ्या खेपेनंतर महिन्याभराने मी सिनसेंकडे गेले. पुन्हा काढा सुरू करावा, असे मनात होते. त्यांनी नाडी पाहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिली. दोन्ही हात. मग बोटे उचलली आणि लेखणीचे टोपण लावून टाकले. "आता पुरे," ते म्हणाले. "तू आजारी नाहीस."

पेशंट होऊन मला नऊ वर्षे झाली होती. त्यातून मला मोकळे करणारा शब्द आपल्या भाषेत आला नाही. तो चिनीतून, आंटीच्या मोडक्या इंग्रजीतून माझ्यापर्यंत आला. त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. उठताना चकत्यांची एक पुडी हातात ठेवली.

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

अगं, सुयांचे म्हणशील तर त्या जर्मन प्रयोगानंतर पुष्कळ मोठे प्रयोग झाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर जो झाला त्याचा निकाल २०१८ साली आला. अर्ध्यांना खऱ्या सुया आणि अर्ध्यांना खोट्या, टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण न शिरणाऱ्या. खऱ्या सुयांच्या गटात शंभरी १८.३ जणींना मूल झाले, खोट्यांच्या गटात १७.८. फरक नाही म्हटला तरी चालेल. त्याच्या आदल्या वर्षी खुद्द चीनमध्ये हजार बायकांवर प्रयोग झाला, बीजकोशाला गाठी असून पाळी चुकणाऱ्या बायकांवर. तिथेही सुयांनी मुले वाढली नाहीत. साध्या डॉक्टरी गोळीने वाढली. काढ्यांवरचे प्रयोग पुष्कळ आहेत, पण बरेचसे लहान आणि कच्चे. म्हणून मूल होण्यासाठी म्हणून सुया टोचून घेऊ नकोस. दोन घटका स्वस्थ पडायला मिळते, कुणी मायेने हात धरतो, त्यासाठी घेणार असशील तर घे, पण तेवढ्यासाठीच आहेत हे समजून घे, आणि डॉक्टरांपासून लपवू नकोस.

जुने ते सगळे खोटे, असेही मी म्हणत नाही. त्याच दवण्याच्या कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून तू-योयो या बाईंनी हिवतापावरचे औषध काढले आणि त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाट त्यांना चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात सापडली : पाला उकळायचा नाही, पाण्यात भिजवून पिळायचा. पण ग्रंथात आहे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी ते तोलून पाहिले आणि ते वजनाला उतरले. मुलासाठीच्या सुयाही त्याच तराजूत घातल्या गेल्या. त्या उतरल्या नाहीत. तराजूवर रागावून काय करायचे?

आणि घरबसल्या कुठून गोळ्या मागवू नकोस. १९९० च्या सुमाराला बेल्जममध्ये वजन उतरवायला म्हणून चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी बायकांची मूत्रपिंडे कायमची गेली, कारण एका मुळीच्या जागी भलतीच मुळी पडली होती. आमचे सिनसे एकेक मुळी डोळ्यांनी पाहून, बोटांनी तोलून देत. डबीत काय भरले आहे ते डबीच जाणे.

आम्ही २००९ साली पुण्याला परतलो. सासूबाई त्यानंतर चार वर्षांनी गेल्या. त्या पत्राविषयी त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. पण परत आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी आपल्या हाताने माझ्या पानात वरणभात वाढला होता. मातीचे ते भांडे मी बरोबर आणले. त्यात आता गवती चहा उकळतो. आधी तो मी करी, आता हे करतात, आणि सकाळी गच्चीत बसून आम्ही दोघे तो पितो. पाय माझे अजून गार पडतात.

तेव्हा गुण आला की नाही, ते तूच ठरव. मला एवढे सांगता येते. कुठेही जा, डॉक्टरकडे जा, वैद्याकडे जा, सुयांवाल्याकडे जा. पण एकटी जाऊ नकोस. जावईबापूंना बरोबर ने. आणि जो कुणी तुझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून नवरा कुठे आहे असे विचारणार नाही, त्याच्याकडून उठून ये.